बाबांचा चाकू पॉलिशला देऊ का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

'माझे बाबा चौतीस वर्षं वायरमन होते. ते गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांच्या अवजारांच्या पिशवीत अगदी तळाशी दोन पात्यांचा घडीचा चाकू सापडला. एक पातं कापायचं, एक स्क्रूड्रायव्हरचं. कापायचं पातं झिजून पानासारखं निमुळतं झालंय. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला एका कोपऱ्यात काळा खड्डा आहे. बनवणाऱ्याचा शिक्का होता, पण वाचता येत नाही. तो चाकू हातात घेतल्यापासून मला जुन्या इलेक्ट्रिशियन चाकूंचा नादच लागला आणि आता माझ्याकडे आणखी अकरा आहेत. सगळे तेल लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. तरी त्यातले तीन गंजले. एकाची मूठ पिवळट, अर्धपारदर्शक आहे. ती अलीकडे चिकट लागते आणि डबा उघडला की कापरासारखा वास येतो.

भावाला बाबांचा चाकू पॉलिश करून, खड्डा घासून काढून, काचेच्या चौकटीत आईला द्यायचाय. मला ते नको वाटतं, पण का नको ते सांगता येत नाही. एका विक्रेत्याने "दुसऱ्या महायुद्धातला, न वापरलेला टीएल-२९" हा अमेरिकी लष्करी चाकू देऊ केलाय. फोटोत पात्यावर "श्रेड वॉल्डन, एन.वाय., यू.एस.ए." असं दिसतं. घेऊ का? आणि घरचे विचारतात, हे थांबणार कुठे? त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.'

ताई,

आधी उठा आणि तो पिवळट मुठीचा चाकू डब्यातून बाहेर काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

ती मूठ सेल्युलॉइडची आहे, हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ नक्की आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची कित्येक दशकं चाकूच्या मुठींना ते सर्रास वापरलं गेलं, कारण त्यातून शिंग, कासवाची पाठ, शिंपला, काय हवं त्याचा भास आणता येतो. पण ते म्हातारं झालं की आतून विरघळायला लागतं. कापूर उडून जातो, नायट्रोजनचे आम्ल वायू सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने कुजवतं. तुमचे तीन चाकू गंजले ते तेल कमी पडलं म्हणून नाही. बंद डब्यात त्यांच्या शेजारी आम्लाची वाफ कोंडली होती. प्लास्टिकच्या पिशवीने त्यात भरच घातली, कारण तिच्यात ओलावा अडकतो.

मी स्वतः हे भोगलंय. मोत्यासारख्या चमकदार मुठीचा एक चाकू मी चांगल्या सात चाकूंच्या शेजारी ठेवला आणि चार महिने तो डबा उघडलाच नाही. उघडला तेव्हा सातही चाकूंच्या पितळी पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या आणि दोन पात्यांवर खोल चट्टे पडले होते. ते चट्टे आजही तसेच आहेत. म्हणून सांगते, त्या चाकूला वेगळी, हवेशीर, थंड जागा द्या. उन्हात नको, दिव्याजवळ नको, आणि आगीजवळ तर मुळीच नको, कारण सेल्युलॉइड भपकन पेटतं. मूठ खरी हाडाची की नकली हे बघायला तापलेली सुई टोचा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हाड ओळखायला भिंग पुरे. हाडात बारीक तपकिरी ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. साच्यातून निघालेल्या मुठीत त्या नसतात.

बाकीचे चाकू पिशव्यांतून काढा, पुसा, सुती कापडावर एकमेकांना न टेकता मांडा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. चामड्याचं म्यान असेल तर चाकू त्याच्या आत ठेवू नका, शेजारी ठेवा. चामडं ओलावा धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेवर हिरवा थर आणतात.

आता बाबांच्या चाकूबद्दल.

पॉलिशला देऊ नका. ते तुम्हाला का नको वाटतं हे तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही ते दोन वाक्यांत वेगवेगळं लिहिलंत. पातं झिजून पानासारखं झालंय आणि टोकाला काळा खड्डा आहे. त्या चाकूवर तुमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने उमटवलेलं एवढंच आहे. बाकी सगळं कारखान्याचं.

पातं तसं का झिजलं ते बघा. वायर सोलायची जुनी शिस्त अशी की पातं तारेवर आडवं धरून गोल फिरवायचं नाही. तसं केलं की तांब्याला बारीक चीर पडते आणि पुढे कधीतरी तार नेमकी तिथेच मोडते. पातं तिरकं धरायचं आणि पेन्सिलला टोक करतो तसं वेष्टन छिलत न्यायचं. हे काम पात्याच्या बुडाकडच्या, म्हणजे मुठीजवळच्या भागाने होतं, कारण जोर तिथे नीट लागतो आणि अंगठ्याचा ताबा राहतो. म्हणून ज्याने खरंच वायरी सोलल्या त्याचा चाकू बुडाशी जास्त खाल्लेला असतो. नुसता टोकाने खोके फाडायला वापरलेला चाकू टोकाकडे झिजतो. तुमचा कुठे झिजलाय ते उजेडात धरून बघा. माझा अंदाज बुडाकडचा आहे.

जुन्या वायरी आजच्यासारख्या नव्हत्या, हेही लक्षात घ्या. पीव्हीसीचं वेष्टन सगळीकडे रुळलं ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून. त्याआधी तांब्याच्या तारेवर रबर आणि त्यावर सुताची वीण असायची. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालत, आणि गंधक तांब्याला काळं पाडतं. म्हणून तांब्यावर आधी कथिलाची कल्हई करत. अशी तार सोलायची म्हणजे आधी सूत कापायचं, मग रबर छिलायचं, आणि मग चिकटून राहिलेला रबराचा पापुद्रा खरवडून धातू लख्ख करायचा, नाहीतर डाग, म्हणजे सोल्डर, धरत नाही. जोड पक्का करायला दोन तारा एकमेकींत अडकवून दोन्ही टोकांचे घट्ट वेढे द्यायचे आणि वर डाग द्यायचा. या जोडाला वेस्टर्न युनियन जोड म्हणतात, हे नाव अमेरिकेतल्या तारायंत्राच्या कंपनीवरून पडलं. चाकूच्या दुसऱ्या पात्याची एक कड बोथट, चौकोनी का ठेवलेली असते, ते इथे कळतं. ती खरवडायची कड आहे. धार लावलेल्या पात्याने खरवडलं तर कल्हई निघते आणि तांबंही कापलं जातं. काही चाकूंत त्या पात्याला अर्धगोल खाच असते, तिच्यात तार धरून ओढायची. ती खाच भिंगातून बघा. वापरलेल्या चाकूत तिच्या कडा गुळगुळीत आणि चकचकीत असतात.

तो काळा खड्डा. भिंग घेऊन त्याच्या कडा नीट तपासा. गंजाचा खड्डा खडबडीत असतो आणि सहसा एकटा नसतो, आजूबाजूला त्याची पिल्लं असतात. कडा गोलसर, वितळून परत थिजल्यासारख्या असतील, एखादा बारीक मणी चिकटलेला असेल, तर तो विजेचा घाव आहे. टोक कधीतरी एकाच वेळी दोन ठिकाणी टेकलं, ठिणगी उडाली आणि पोलाद वितळलं. पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश सेल्सिअस लागतात. ते क्षणात झालं आणि तुमचे बाबा त्यातून सुखरूप घरी आले. त्यांच्याबरोबर काम केलेलं कुणी हयात असेल तर तो चाकू घेऊन त्यांच्याकडे जा आणि फक्त टोक दाखवा. तुम्हाला काहीच विचारावं लागणार नाही असं मला वाटतं. भाऊ तो खड्डा घासून काढायला निघालाय. त्याला वाईट हेतू नाही, त्याला बाबांची वस्तू सुंदर करायची आहे. पण खड्डा गेला की आईच्या हातात तिच्या ओळखीचं काय उरेल, एवढं त्याला विचारा.

आणि एक रुक्ष कारण, भावाला ते जास्त पटेल. पॉलिशचं चाक इतक्या पातळ पात्यावर टेकलं की ते लगेच तापतं. पातं निळसर झालं की पोलादाचं पाणी उतरलं, मग त्याला धार धरत नाही. शिक्क्याची उरलीसुरली अक्षरंही चाकाखाली जातात. मी एकदा एक जुना चाकू असाच एका दुकानात दिला होता. परत आला तेव्हा आरशासारखा लखलखत होता आणि त्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. तो कोणी बनवला हे मला आता कधीच कळणार नाही. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही, मी 'चकचकीत करा' असं सांगितलं आणि त्याने केलं.

साफ मात्र जरूर करा. काळपट-करडा थर तसाच राहू द्या, तो वयाचा रंग आहे आणि पोलादाला थोडंफार सांभाळतोही. लालसर, बोटाला लागणारा गंज तेवढा काढायचा. त्यावर मिनरल ऑइलचा थेंब टाकून दिवसभर ठेवा, मग तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळूहळू खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडा पडत नाही. सांध्यांत तेल सोडा, पाती बऱ्याच वेळा उघडा-मिटा, बाहेर येणारा काळा चिखल पुसा, परत तेल सोडा. स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत हे करत राहायचं, कधी दोन-तीन दिवस लागतात. लाकडी किंवा हाडाची मूठ पाण्यात बुडवू नका, भेगा पडतात. खाद्यतेल वापरू नका, ते सुकून गोंद होतं. व्हिनेगर, लिंबू यांच्या युक्त्या सापडतील, त्या या चाकूवर नकोत. आम्लाने गंज जातो तसा तो वयाचा रंगही जातो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमसाठी १९५०च्या दशकात असंच एक मेण तयार झालं, ते संग्रहालयांत आजही वापरतात. मग खुशाल चौकटीत घाला. चौकटीला माझा विरोध नाही. फक्त ती अशी करा की आईला वाटलं तर चाकू काढून हातात घेता येईल.

विक्रेत्याच्या चाकूबद्दल एका वाक्यात सांगायचं तर तो महायुद्धातला नाही.

हे मी किंमत किंवा फोटोवरून म्हणत नाही, शिक्क्यावरून म्हणते. श्रेड कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावात १९०४ साली सुरू झाली आणि तिचे सुरुवातीचे चाकू 'श्रेड कटलरी कंपनी' या नावाने निघत. १९४६ मध्ये कंपनी दुसऱ्या मालकांकडे गेली, आणि 'श्रेड वॉल्डन' हा शिक्का त्यानंतरचा. युद्ध १९४५ मध्ये संपलं. म्हणजे चाकू खरा असेलही, जुना तर आहेच, पण युद्धात तो असणं शक्य नाही. टीएल-२९ हा नमुना युद्धानंतरही कित्येक वर्षं बनत राहिला, त्यामुळे 'टीएल-२९' ही अक्षरं दिसली म्हणजे युद्धकाळ, असं धरून चालू नये. विक्रेता फसवतोच आहे असंही नाही, बऱ्याच जणांना हा फरक ठाऊक नसतो. तुम्ही त्याला शिक्क्याचा काळ सांगा आणि युद्धानंतरचा म्हणून किंमत करायला सांगा. त्यावर तो काय बोलतो यावरून पुढचे व्यवहार करायचे की नाही ते ठरवता येईल.

हा टीएल-२९ मुळात काय होता, ते सांगते, कारण तुमच्या बाबांचा चाकू त्याच घराण्यातला दिसतो. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने म्हणजे संदेशवहन दलाने आपल्या अवजारांना अक्षरं आणि क्रमांक दिले होते. टीई-३३ या संचात तीन वस्तू असत : सीएस-३४ हे चामडी म्यान, टीएल-१३-ए ही पक्कड आणि टीएल-२९ हा चाकू. मिटलेला चाकू पावणेचार इंच, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. एक भाल्याच्या टोकाचं पातं, एक स्क्रूड्रायव्हर, आणि टोकाला अडकवायची कडी. कॅमिलस, अल्स्टर, इम्पीरियल, श्रेड, पॅल अशा अनेक कारखान्यांनी तो बनवला, त्यामुळे एकाच नमुन्यात मुठीची, शिक्क्याची, रिव्हेटची इतकी रूपं मिळतात की काहीजण आयुष्यभर तेवढंच जमवतात.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट स्क्रूड्रायव्हरच्या पात्याचं कुलूप. कापताना हात पातं उघडं राहील अशाच दिशेने जोर लावतो. स्क्रू पिळताना मात्र जोर तिरका होतो, पातं खाचेतून निसटतं आणि सरळ बोटांवर मिटतं. म्हणून कापायच्या पात्याला नाही, तर स्क्रूड्रायव्हरला कुलूप दिलं. आतल्या पितळी पट्टीचाच एक भाग कापून जरा आत वळवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की तो त्याच्या मागे सरकून अडतो, आणि अंगठ्याने बाजूला ढकलल्याशिवाय पातं मिटत नाही. या रचनेचं पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीच्या कॅटरॉगस कंपनीकडे १९०६ मध्ये आलं. आज महागड्या घडीच्या चाकूंत जे 'लायनर लॉक' मिरवतं, त्याचं मूळ या कामकरी चाकूंत आहे. घरच्यांनी कौतुक केलं नाही तरी तुम्ही डब्यात काय बाळगून आहात हे तुम्हाला माहीत असावं. मात्र ती पट्टी सैल झाली असेल तर सारखी वाकवून बघू नका. पितळ पुन्हापुन्हा वाकवलं की कडक होतं आणि तडकतं.

इतर शिक्क्यांबद्दल थोडं, सगळं इथे मावणार नाही. अमेरिकेत आलेल्या परदेशी मालावर देशाचं नाव हवं, हा नियम १८९१ पासून लागू झाला. म्हणून 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असं लिहिलेला सोलिंगन वा शेफील्डचा चाकू सहसा त्यानंतरचा. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला. ठिपके मोजले की साल मिळतं. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली, फक्त नावातल्या 'एस' अक्षरांना विजेसारखा कोन दिला, म्हणून दोन दशकांत गोंधळ होत नाही. एवढी सोय सगळ्यांनी करून ठेवलेली नाही. डेलरिन हे प्लास्टिक बाजारात आलं १९६०च्या सुमारास. तेव्हा डेलरिनची मूठ असलेला चाकू कुणी १९३०चा म्हणून दाखवला तर एकतर साल चुकलंय किंवा मूठ बदललेली आहे. श्रेडचा अमेरिकेतला कारखाना २००४ मध्ये बंद पडला, कॅमिलस २००७ मध्ये. नावं विकली गेली आणि आता ती दुसरीकडे बनलेल्या मालावर येतात. त्यामुळे नुसतं नाव पुरेसं नाही, गावाचं नाव आहे का तेही बघा.

चाकू हातात घेऊन तपासायची संधी मिळाली तर मी शिक्क्याआधी आवाज ऐकते. पातं हळूहळू उघडा. स्प्रिंग जिवंत असेल तर ते शेवटच्या टप्प्यात स्वतःच ओढून घेतं आणि 'टक्' वाजतं. मिळमिळीत उघडलं तर एकतर आत घाण आहे, तिच्यावर तेलाचा उपाय आहे, किंवा स्प्रिंग थकली आहे, तिच्यावर नाही. मग उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावतं का, ते बोट न लावता डोळ्यांनी बघा. डोकावत असेल तर पातं फार झिजलंय किंवा बुडाशी कुणीतरी घासलंय. दोन पात्यांचा रंग, झीज आणि गंज एकमेकांशी जुळतात का? एक पातं म्हातारं आणि दुसरं तरुण असेल तर ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी. कारखाने बंद पडल्यावर उरलेले सुटे भाग विकले गेले आणि त्यांतून नंतर जोडलेले चाकूही फिरतात. 'न वापरलेला' म्हणणाऱ्याकडे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा जवळून फोटो मागा. पात्याला नवी धार लावता येते, टोकाच्या कोपऱ्यांवरची झीज लपवणं कठीण असतं.

एक गोष्ट मी कुठल्याही नव्या संग्राहकाला सांगितल्याशिवाय राहत नाही. यातला एकही चाकू विजेपासून संरक्षण देत नाही. मूठ लाकडाची असो, हाडाची असो, तिच्यातून आरपार गेलेले रिव्हेट थेट आतल्या धातूला जोडलेले असतात. मुठीवरची छोटी धातूची चकती आणि कडी तर उघडीच असते. चालू लाइनवर वापरायच्या अवजारांना आयईसी ६०९०० हे मानक आहे, १,००० व्होल्ट एसीपर्यंतचं. त्या मानकाची खूण असलेलंच अवजार तिथे चालतं, आणि तेसुद्धा शिकलेल्या हातात. इलेक्ट्रिशियनचा चाकू म्हणून घरातल्या कुणी कौतुकाने सॉकेटजवळ नेऊ नये, हे सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं तोच खरा. हे थांबणार कुठे?

दीड वर्षात अकरा चाकू ही संख्या मला भीतीदायक वाटत नाही. पण पत्रात तुम्ही बाबांच्या चाकूबद्दल सहा वाक्यं लिहिलीत आणि उरलेल्या अकरांबद्दल, गंज आणि वास सोडला तर, एकही नाही. त्यातला कुठला तुम्हाला आवडतो, कुठला का घेतला, काही नाही. माझा अंदाज चुकत असेल तर माफ करा, पण तुम्ही बहुतेक दर वेळी बाबांचाच चाकू शोधताय आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी घरी येतोय. मी माझ्या मामांच्या बाबतीत हेच केलं. ते टेलिफोनच्या लाइनवर होते. त्यांच्या चाकूसारखे चाकू मी वेड्यासारखे घेत सुटले आणि एकही हातात बरोबर बसला नाही. बसणारच नव्हता.

मग मी प्रश्न बदलला. मामांच्या चाकूसारखं काय आहे, याऐवजी मामांच्या कामात आणखी काय काय लागायचं, हे शोधायला लागले. तिथून माझा संग्रह सुरू झाला असं मी धरते. शिशाच्या आवरणाच्या केबली होत्या, त्या चिरायला पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं पातं लागायचं. असा चाकू मिळाला तर हाताळल्यावर हात धुवा, कारण शिशाचे कण चिकटलेले असू शकतात. टेलिफोनच्या केबली जोडणाऱ्यांचा चाकू आखूड आणि सरळ धारेचा, पाठीवर खरवडायच्या खाचा असलेला. तो एकटा नसायचा, चामड्याच्या म्यानात बुटक्या जाड कात्रीशेजारी बसायचा. ती कात्री मला चाकूनंतर सहा वर्षांनी मिळाली आणि दोघं म्यानात एकत्र गेले तेव्हा मी रडले होते. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचा अॅल्युमिनियमच्या मुठीचा 'इलेक्ट्रिशियन' आहे, त्यात वायर सोलायला वेगळं आखूड पातं दिलंय. जपानी वीज-कामगारांचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू आहे, एकच जाड पातं आणि बाकी काही नाही. वायर सोलायचं एकच काम, पण ते कसं करायचं याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं निघालं.

तुम्ही असा धागा धरा. बाबा कुठलं काम करायचे? घरांतलं वायरिंग, कारखान्यातले मोटर-पॅनेल, की खांबावरची लाइन? ते लिहून काढा. मग अकराही चाकू समोर मांडा आणि प्रत्येकाला विचारा की बाबांच्या कामाबद्दल तू मला काय सांगतोस. ज्यांच्याकडे उत्तर आहे ते ठेवा. बाकीचे विकून टाका, बदलून घ्या, एखाद्या शिकाऊ इलेक्ट्रिशियनला द्या. चार उरले तरी तो संग्रह असेल. पुढचा चाकू घेताना हाच प्रश्न विचारलात तर कुठे थांबायचं हे आपोआप ठरतं. कधी वर्षभर काहीच घेतलं जात नाही. माझी अशी दोन वर्षं गेली आहेत आणि ती वाईट गेली नाहीत.

प्रत्येक चाकूची एक चिठ्ठी करा. कधी, कुठून घेतला, शिक्क्यावर अक्षर न अक्षर काय आहे, झीज कुठे आहे. पहिली चिठ्ठी बाबांच्या चाकूची. तिच्यात त्यांचं नाव, कामाची वर्षं, आणि आईला त्या चाकूबद्दल जे आठवत असेल ते तिच्याच शब्दांत. हे या आठवड्यातच करा, चौकटीची घाई नाही.

राहिला शिक्का. 'वाचता येत नाही' असं लिहिलंत, पण वाचायचा प्रयत्न कसा केलात ते लिहिलं नाहीत. अंधाऱ्या खोलीत पातं उघडून सपाट ठेवा आणि छोटा टॉर्च अगदी बाजूने, पात्याला जवळजवळ टेकवून धरा. उजेड वरून पडला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात, बाजूने पडला की सावलीत उभी राहतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं. बुडाच्या दोन्ही बाजू बघा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या पात्याचं बूडही. अक्षरं लागली नाहीत तरी ओळी किती आहेत ते मोजा. एकाच कंपनीच्या शिक्क्यातल्या ओळी काळानुसार बदलत जातात, म्हणजे ओळींची संख्यासुद्धा कधीकधी बरंच सांगते. काय दिसलं ते मला कळवा, आणि भिंगाखाली त्या खड्ड्याच्या कडा कशा निघाल्या तेही.